गाडी म्हणते ‘हिरवा, अजून ४ सेकंद’ आणि दिवा होतो पिवळा: वारंवार येणाऱ्या तक्रारीचं निवारण

तक्रारीचे शब्द ठरलेले असतात. चाचणीची गाडी चौकाजवळ येते, डॅशबोर्डवर ‘हिरवा, ४ सेकंद’ दिसत असतं आणि समोरचा दिवा पिवळा होतो. ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो. संध्याकाळी लॉग माझ्याकडे येतो, सोबत एक ओळ: ‘रोडसाइड युनिटची रेंज तपासावी.’ हे युनिट म्हणजे सिग्नलची माहिती गाडीला रेडिओवरून पाठवणारा डबा.

रेंजचा इथे काही संबंध नाही. चुकीचा का होईना, आकडा दिसला म्हणजे निरोप पोचला. रेंज नसती तर आकडाच दिसला नसता. तरीही लोक आधी खांबावर चढतात आणि अँटेना बदलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं ठीक दिसतं, तक्रारीचं तिकीट बंद होतं आणि चार दिवसांनी तेच दुखणं नव्या नंबराचं तिकीट घेऊन परत येतं.

मी मिशिगनमध्ये राहते. इथल्या एका रस्त्यावरच्या ओळीने असलेल्या चौकांतले सिग्नल गाड्यांशी रेडिओवरून बोलतात, त्यांची देखभाल हे माझं काम. लॉगची चिरफाड पुण्यातली टीम करते. हाच प्रकार आम्ही इतक्यांदा उकरून काढलाय की आता क्रम ठरून गेलाय. तो लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या माणसाला खांबावर चढावं लागणार नाही.

आकडा येतो कुठून

सिग्नलच्या खांबाजवळच्या लोखंडी कॅबिनेटमध्ये कंट्रोलर असतो. दिवे तो चालवतो. त्याच्याकडून केबलने रोडसाइड युनिटला माहिती जाते आणि तिथून ५.९ गिगाहर्ट्झवर हवेत. दोन निरोप महत्त्वाचे. ‘स्पॅट’ सेकंदाला साधारण १० वेळा जातो: कोणत्या गटाचा (एकत्र बदलणाऱ्या दिव्यांचा) दिवा कोणत्या रंगाचा आहे आणि तो कधी संपणार. ‘मॅप’ सेकंदाला एकदा जातो: कोणती लेन कुठे आहे आणि तिला कोणता गट लागू.

आता मेख अशी की स्पॅटमध्ये ‘४ सेकंद उरले’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. तिथे असते घड्याळातली एक खूण: यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा) चालू तास सुरू झाल्यापासून किती दशांश सेकंदांनी हा रंग संपेल. तास ३६०० सेकंदांचा, म्हणून खूण ० ते ३६००० मध्ये. ‘माहीत नाही’ म्हणायचं असेल तर ३६००१. गाडी त्या खुणेतून स्वतःच्या जीपीएस घड्याळाची वेळ वजा करते आणि उरलेला आकडा दाखवते. म्हणजे डॅशबोर्डवरचे ४ सेकंद ही दोन वेगवेगळ्या घड्याळांची वजाबाकी आहे, आणि बहुतेक वेळा त्यातलं एक घड्याळ खोटं बोलत असतं. कोणतं, एवढंच शोधायचं.

आधी चौकात जाऊन उभे राहा

लॉग उघडू नका. लॉगमध्ये दिवा नसतो, दिव्याबद्दल कोणीतरी म्हटलेलं असतं. लॅपटॉपवर स्पॅट उलगडून दाखवणारं टूल लावा, लॅपटॉपचं घड्याळ जीपीएसवर किंवा नीट एनटीपीवर (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची पद्धत) जुळवा, मागे सिग्नलचा दिवा दिसेल असा लॅपटॉप धरा आणि फोनवर व्हिडिओ काढा. दिवा आणि आकडा एकाच फ्रेममध्ये हवेत. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत ३३ मिलिसेकंदांपर्यंत फरक मोजता येतो, तेवढा पुरे.

अशी वीस आवर्तनं घ्या. सकाळी घ्या, दुपारी घ्या, संध्याकाळी घ्या. तीन वेळा जायचा कंटाळा करू नका. आमचं तिकीट तीनदा ‘दोष आढळला नाही’ म्हणून बंद झालं ते याच कंटाळ्यापायी. त्याबद्दल पुढे सांगते.

आकडे हाती आले की फरकाचा स्वभाव बघा. कायम तेवढाच आहे, हळूहळू वाढतोय, तासातून एकदाच येतो, की कशाचा कशाला मेळ नाही? प्रत्येक स्वभावाचं मूळ वेगळं.

फरक कायम तेवढाच असेल तर

१८ सेकंद दिसले तर फार शोधू नका. जीपीएसची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे, १ जानेवारी २०१७ पासून. कोणीतरी लीप सेकंद (यूटीसीत अधूनमधून घातलेले जादा सेकंद) वजा करायला विसरलंय.

१ किंवा २ सेकंदांचा फरक आणि तोही फक्त वीज गेल्यानंतर, हे जास्त त्रासाचं. उन्हाळ्यात इथे वादळं होतात, वीज झपकन जाते आणि येते. युनिट नव्याने सुरू होतं, पहिली दहाएक मिनिटं गाड्या तक्रार करतात, मग आपोआप बरं. कारण मजेशीर आहे. ‘लीप सेकंद किती’ ही माहिती उपग्रह सतत सांगत नाहीत. त्यांच्या संदेशाच्या पूर्ण फेऱ्यात ती एकदा येते आणि फेरा १२.५ मिनिटांचा असतो. तोवर रिसीव्हर फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) कोरलेला जुना आकडा धरून चालतो. फर्मवेअर २०१५ च्या आधीचं असेल तर तो १६ धरतो, आणि युनिटचं घड्याळ २ सेकंद पुढे पळतं. तंत्रज्ञ तासाभराने पोचतो तेव्हा सगळं आलबेल. उपाय: रिसीव्हरचं फर्मवेअर बदला, आणि लीप सेकंद उपग्रहाकडून खरोखर मिळेपर्यंत युनिटने स्पॅट पाठवूच नये अशी सेटिंग असेल तर ती चालू करा. बारा मिनिटं गप्प बसलेला चौक चालेल, बारा मिनिटं थापा मारणारा नको.

जीपीएस रिसीव्हरला कमी लेखू नका. ६ एप्रिल २०१९ ला जीपीएसचा आठवड्यांचा दहा बिटांचा मोजणीकाटा १०२४ आठवडे भरून पुन्हा शून्यावर आला. तारीख कित्येक वर्षं आधीपासून ठाऊक होती. तरी न्यूयॉर्क शहराचं स्वतःचं वायरलेस जाळं कोलमडलं आणि सुमारे दहा दिवस बंद राहिलं. शहराचे सिग्नल दुरून हाताळायची सोय त्याच जाळ्यावर होती.

आणि १८०० सेकंद, म्हणजे बरोब्बर अर्धा तास? हा फरक मिशिगनमध्ये तुम्हाला जन्मात दिसणार नाही. आम्हाला तो पुण्याने दाखवला. तिथल्या चाचणीच्या बेंचवर नवं गाडीतलं युनिट लावलं होतं. रात्री फोन आला, “ताई, हिरवा अजून १८०४ सेकंद दाखवतोय.” आधी आम्ही दोघं हसलो. मग कळलं की गाडीतलं सॉफ्टवेअर यूटीसीऐवजी स्थानिक वेळ वापरत होतं. खूण तासाच्या आतली असल्यामुळे अमेरिकेत पूर्ण तासांचा फरक गिळला जातो: पाच तास मागे असलात तरी मिनिट आणि सेकंद तेच. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे अर्धा तास उघडा पडला. इतके दिवस ही चूक अमेरिकेतल्या प्रत्येक गाडीत निवांत बसलेली होती. नेपाळात नेली असती तर पाऊण तासाने सापडली असती.

तासातून एकदाच येत असेल तर

तक्रारींच्या वेळा लिहून काढा. ९:००, १२:००, ४:०० असं दिसलं तर दोष गाडीच्या वजाबाकीत आहे. घड्याळ ३५९८० वर, दिवा संपायची खूण पुढच्या तासातली ३५. वजाबाकी उणे ३५९४५. उत्तर ५.५ सेकंद यायला हवं. बहुतेक जण लिहितात, ‘उत्तर उणे आलं तर ३६००० मिळवा.’ ते अर्धवट आहे. निरोप दोन दशांश उशिरा आला की उत्तर उणे २ येतं, त्यात ३६००० मिळवले की गाडी ३५९९.८ सेकंद हिरवा दाखवते. उणे १८००० पेक्षा खाली गेलं तरच ३६००० मिळवायचे, त्याच्या वरचं उणे म्हणजे ‘वेळ संपली’. आणि ३६००१ ला आकडा समजून वजाबाकीत घालणारेही भेटले आहेत.

दिवस चढतो तसा फरक वाढत असेल तर

आमचं तीनदा बंद झालेलं तिकीट हे. सकाळी आठला फरक शून्य, दुपारी दीड सेकंद, संध्याकाळी कधी तीन सेकंद, कधी उलट्या दिशेने एक. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शून्य.

अमेरिकेतले बरेच सिग्नल कंट्रोलर आपलं घड्याळ विजेच्या तारेतल्या ६० हर्ट्झवर चालवतात. साठ हेलकावे मोजले की एक सेकंद. ऐकून जुनाट वाटतं, पण यामागे डोकं आहे. एकाच ग्रिडवरच्या सगळ्या कंट्रोलरांना तेच हेलकावे मिळतात, त्यामुळे नेटवर्क नसतानाही ती सगळी घड्याळं एकमेकांशी जुळलेली राहतात आणि रस्त्यावरची हिरवी लाट (ओळीने हिरवे मिळत जाणारे सिग्नल) तुटत नाही. सगळी मिळून यूटीसीच्या तीन सेकंद पुढे गेली तरी कोणाचं काय बिघडतं? माणूस दिव्याकडे बघून गाडी चालवतो, यूटीसीकडे बघून नाही. गाडी यूटीसीकडे बघू लागली तेव्हा बिघडलं.

ग्रिडची फ्रिक्वेन्सी मागणीप्रमाणे किंचित खालीवर होते. ती तासभर सरासरी ६०.०२ राहिली तर घड्याळ १.२ सेकंद पुढे जातं. अशा तीन दुपारच्या तासांत साडेतीन सेकंद. हे प्रकरण किती लांब जाऊ शकतं ते युरोपने २०१८ च्या सुरुवातीला पाहिलं: सर्बिया आणि कोसोवो यांच्या विजेच्या भांडणात खंडभराची फ्रिक्वेन्सी ५० च्या थोडी खाली राहिली आणि मार्चपर्यंत ओव्हनवरची घड्याळं सहा मिनिटं मागे पडली.

सकाळी शून्य का? कारण वाहतूक केंद्रातलं सॉफ्टवेअर पहाटे तीनला सगळ्या कंट्रोलरांची घड्याळं जुळवतं. तंत्रज्ञ सकाळी आठला जायचा, रहदारी वाढायच्या आत. अँटेना बदलून बघितली की आकडा बरोबर. अँटेनेचं नाव झालं, काम पहाटेच्या तीनचं.

आणखी एक गोष्ट ध्यानात यायला मला वेळ लागला. घड्याळ पुढे गेलं की गाडी जास्त हिरवा दाखवते, ब्रेक लागतो, तक्रार येते. मागे पडलं की गाडी म्हणते १ सेकंद आणि हिरवा चार सेकंद टिकतो. त्याची तक्रार कोणीच करत नाही, उलट सिग्नल मिळाला म्हणून खूश. तक्रारींचा ढीग बघून दोष ‘कधीतरी’ येतो असं वाटतं, पण तो रोज असतो. फक्त अर्धा दिसतो.

उपायात घाई केली तर नवं दुखणं मागे लागतं. आम्ही आधी एकाच चौकाचा कंट्रोलर तारेवरून काढून एनटीपीवर टाकला. त्या चौकाचा आकडा अचूक झाला आणि शेजारच्या चौकांशी असलेला त्याचा ताल सुटला, कारण बाकीचे अजून ग्रिडच्या घड्याळावर. आठवडाभरात नागरिकांचे फोन: प्रत्येक सिग्नलला थांबावं लागतंय. म्हणून बदलायचं तर अख्खी ओळ एका रात्रीत बदला. घड्याळ धक्क्याने नको, सरकवत जुळवा. मोठी उडी मारली की कंट्रोलर ताल पुन्हा पकडण्यासाठी काही आवर्तनं लांब-आखूड करत बसतो.

दुसरा मार्ग स्वस्त आहे. कंट्रोलरकडून घड्याळाची खूण न घेता ‘किती उरले’ एवढंच घ्यायचं आणि खूण युनिटने आपल्या जीपीएस वेळेवरून घालायची. मग कंट्रोलरचं घड्याळ काहीही म्हणो. जुन्या कंट्रोलरांत तसंही असंच असतं, त्यामुळे गंमत अशी की आमचे सगळ्यात जुने दोन चौक सुरुवातीपासून बरोबर होते आणि नवे कोरे कंट्रोलर बसवलेले चुकत होते. फक्त केबलवरचा उशीर मोजून घ्या. निरोप केंद्रात जाऊन परत येत असेल तर हा मार्ग धरू नका.

कशाचा कशाला मेळ नसेल तर

बहुधा दोष नाहीच. इथले बहुतेक सिग्नल रहदारीप्रमाणे वेळ बदलतात: रस्त्यातल्या तारेच्या वेटोळ्यावर गाडी आली तर हिरवा वाढतो, कोणी नसलं तर आधीच तुटतो. अशा सिग्नलला कधी संपणार हे स्वतःलाच माहीत नसतं. म्हणून स्पॅटमध्ये ‘लवकरात लवकर’ आणि ‘उशिरात उशिरा’ अशा दोन खुणा असतात. गाडीच्या टीमने उशिराची खूण उचलून ती सरळ पडद्यावर मांडली असेल तर तुम्ही कितीही घड्याळं जुळवा, आकडा फसणारच. अग्निशमन दलाची गाडी आली की तर सगळंच मोडतं, आणि मोडायलाच हवं.

ऑडीने डिसेंबर २०१६ मध्ये लास व्हेगासपासून सिग्नलची माहिती गाडीत द्यायला सुरुवात केली तेव्हा लाल संपायला किती वेळ उरला तेवढंच दाखवलं, आणि तोही आकडा हिरवा व्हायच्या काही सेकंद आधी मुद्दाम घालवला. मला तो शहाणपणा पटतो. हिरवा किती उरला हे दाखवणं म्हणजे माणसाला पळवणं.

एक अपवाद. उशिराची खूण रोज, रात्री दोन वाजतासुद्धा, तंतोतंत खरी ठरत असेल तर वेटोळं तुटलंय. इथल्या हिवाळ्यात डांबर फुगतं, तार तुटते आणि कंट्रोलर ‘गाडी उभीच आहे’ असं धरून दर वेळी पूर्ण हिरवा देतो.

आकडा दुसऱ्याच लेनचा असेल, किंवा नाहीसाच झाला असेल

लेन चुकत असेल तर मॅप बघा. रस्त्यावर पट्टे नव्याने मारले आणि मॅप जुनाच राहिला, हे पहिलं कारण. डावीकडच्या वळणाचा लुकलुकता पिवळा बाण भलत्या गटाला जोडला, हे दुसरं. तिसरं सर्वेक्षणातलं: मोजणी होते अमेरिकेच्या एनएडी-८३ या अक्षांश-रेखांशांच्या मानकात, मॅप मात्र डब्ल्यूजीएस-८४ या जीपीएसच्या मानकात असला पाहिजे, रूपांतर केलं नाही तर सगळा चौक सुमारे मीटरभर सरकतो. लेन साडेतीन मीटरची. कडेने चालणारी गाडी शेजारच्या लेनमध्ये मोजली जाते.

आकडा गायब असेल, पण लॅपटॉपवर स्पॅट व्यवस्थित दिसत असेल, तर निरोपाची डिजिटल सही तपासा. साधी टूल्स सही पडताळत नाहीत, गाडी पडताळते. सहीसाठी लागणारी युनिटची प्रमाणपत्रं आठवडाभराच्या बोलीवर मिळतात आणि इंटरनेटवरून नवी घ्यावी लागतात; मोडेम शुक्रवारी बंद पडला तर चौक पुढच्या आठवड्यात मुका होतो, तेव्हा मोडेमची आठवण कोणालाच नसते. प्रमाणपत्र ठीक असेल तर सहीची वेळ बघा. ती यूटीसीत नसून २००४ च्या आरंभापासून लीप सेकंद न धरता मोजतात, म्हणून आज ५ सेकंद पुढे असते. तिथे यूटीसी घातली तर निरोप शिळा ठरू शकतो.

रेडिओ शेवटी. गाडीचा रेडिओ नव्या सेल्युलर प्रकारचा आणि युनिटचा जुन्या डीएसआरसी प्रकारचा असेल तर ती एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. अमेरिकेच्या एफसीसी या रेडिओलहरींच्या नियामकाने नोव्हेंबर २०२० मध्ये ७५ पैकी ३० मेगाहर्ट्झच या कामाला ठेवले तेव्हापासून ही सरमिसळ जागोजागी आहे. बाकी, उन्हाळ्यात पानांनी भरलेलं झाड मध्ये असेल तर फांदी छाटा.

एक दोष ज्याची तक्रार येत नाही

कॅबिनेटमध्ये कंट्रोलरवर लक्ष ठेवणारं एक वेगळं उपकरण असतं, कॉन्फ्लिक्ट मॉनिटर. आडव्या दोन दिशांना एकदम हिरवा लागतोय असं दिसलं की तो कंट्रोलरच्या हातातून दिवे काढून घेतो आणि चौक लुकलुकत्या लालवर टाकतो. जुन्या कॅबिनेटमध्ये ही बातमी कंट्रोलरला एका तारेने कळते. ती तार जोडलेली नसेल तर कंट्रोलर आत आपला खेळ चालूच ठेवतो. दिवे लाल लुकलुकताहेत आणि रेडिओवर जातंय ‘हिरवा, १२ सेकंद’. निरोपाचा साचा निर्दोष, सही बरोबर, वेळ अचूक.

२० डिसेंबर २०२५ ला सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या भागाची वीज गेली, सिग्नल विझले आणि वेमोच्या चालकविरहित गाड्या रस्त्यांत अडकून उभ्या राहिल्या. कंपनीने नंतर सांगितलं की विझलेला सिग्नल ही चारही बाजूंनी थांबण्याची जागा समजायची हे गाडीला येतं, पण काही वेळा ती दूरच्या माणसाकडून खात्री करून घेते आणि त्या विनंत्या एकदम तुंबल्या. त्या गाड्या दिव्यासाठी कॅमेऱ्यावर विसंबून होत्या, म्हणून निदान थांबल्या. वर लिहिलेल्या चौकात कॅमेऱ्यापेक्षा रेडिओवर जास्त भरवसा ठेवणारी गाडी थांबणार नाही.

म्हणून ही चाचणी दर चौकाला वर्षातून दोनदा करा, आणि पोलिसांना आधी कळवून. कॅबिनेटच्या दारातला फ्लॅशचा (दिवे लुकलुकते करणारा) खटका टाका, लॅपटॉपवर स्पॅट बघा. सेकंदाभरात स्थितीच्या रकान्यात ‘फेल्युअर फ्लॅश’ किंवा ‘स्टँडबाय’ दिसायला हवं आणि रंग लुकलुकता लाल. मग तो खटका परत घेऊन मॉनिटरच्या बाजूने फ्लॅश घडवा आणि पुन्हा बघा, कारण दोन्हींच्या तारा वेगळ्या असतात. आमच्या ओळीत पहिली चाचणी सगळे चौक पास झाले, दुसरीत दोन नापास. दोन्हीकडे तार होती, फक्त कॅबिनेट बदलताना ती गुंडाळून टेप लावून कोपऱ्यात ठेवलेली होती. त्या दोन चौकांची युनिटं आम्ही त्याच दुपारी बंद केली आणि तार जोडून होईपर्यंत, म्हणजे सहा दिवस, बंदच ठेवली. त्या सहा दिवसांत एकच मेल आला: ‘रेंज तपासावी.’